अंगठ्याचं ठिगळ

दापोड्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये गोदामांसाठी लोखंडी रॅक बनतात. इथं वेल्डिंग शिकतानाही पगार मिळतो, म्हणूनच मी राहनाळच्या गोदामातलं पॅकिंग सोडू शकले. अट एकच होती. शेवटी आपण जोडलेली पट्टी प्रेसखाली वाकवून बघायची. जोड तडकला, तर पुन्हा पॅकिंग.

माझा जोड दर वेळी टोकाला तडकायचा.

"भाविका, चटका बसल्यासारखा रॉड उचलतेस तू," दौलतकाका म्हणायचे. शिकवणारे तेच. "मंग तिथं खड्डा राहतो नि खड्ड्यातनं चीर निघते. जरा थांब गो. गाडी सुटत न्हाय तुझी."

कळायचं, पण हात ऐकायचा नाही.

वेल्डिंगच्या काळ्या काचेतून ठिणगीभोवतीचं वीतभर लोखंड आणि आपले हात एवढंच दिसतं. परीक्षा जवळ आली होती. एका दुपारी त्या उजेडात मला आणखी एक हातमोजा दिसला. त्यानं माझं मनगट धरलं होतं. टोकाशी आल्यावर मी रॉड उचलणार, तर त्यानं हलकेच दाबून ठेवलं. खड्डा भरला. मग पकड सुटली.

"थँक्यू, काका," म्हणत मी काच वर केली.

मागं कुणी नव्हतं. काका पार दाराशी, हातात चहाचा ग्लास.

"काका, अंगठ्याला लाल चौकड्यांच्या कापडाचं ठिगळ लावलेला मोजा कुणाचा?"

"चामड्याच्या मोज्याला कापड?" ते हसले. "पेटंल ना! वेल्डर असला येडेपणा करत न्हाय."

त्यानंतर तो हात रोज यायचा. मी मागं वळून बघायचं सोडलं. काचेआडून नुसते आभार मानायची.

परीक्षेत पट्टी पार वाकली. तडा गेला नाही. काकांनी जोडावरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता पेढे आण."

आणले. एक माझ्या टेबलावर ठेवला. आठवडाभर तो तसाच होता. त्याला मुंगीही लागली नाही.

हात पुन्हा आला नाही.

यंदा मृणाली शिकायला आली. तीही घाईनं रॉड उचलते. काल मी शेडच्या दुसऱ्या टोकाला ग्राइंडरवर होते. ती काच वर करून माझ्याकडे धावत आली.

"ताई, थँक्यू! मनगट धरलंत म्हणून जमलं."

मी ग्राइंडर बंद केला.

"पण मोज्याला कापडाचं ठिगळ कशाला लावलंत?" ती हसत होती. "पेटलं असतं ना."

मी हात पुढे केले. हातातले मोजे काकांचे होते. माझ्या डाव्या मोज्याच्या अंगठ्याला परवा जळून भोक पडलं होतं, म्हणून तो घरीच राहिला होता.

संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा आई उंबऱ्यात बसून दोरा तोडत होती.

"दुपारपासनं हेच करते हाय," ती म्हणाली. "तुझा अंगठा भाजंल गो. बाबांच्या जुन्या लुंगीचं लावलंय."

लाल चौकड्या. मी मोजा उजेडात धरला.

टाके नवे होते. कापड कडेनं करपलेलं होतं.