हजेरीच्या वेळचा चिंचोका

हजेरी सुरू झाली, की नलिनीबाईंच्या वर्गात पाट्या बोलत. "हजर बाई" म्हणणारा आवाज ज्याचा त्याचाच असे, ओठ मात्र क्वचितच हलत.

नाडीपाटी शाळेत येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. मनगटावरच्या पट्टीतून तिला मुलाची धडधड कळे. धडधड वाढली, की ती गणित सोपं करून देई. जीभ अडखळली, की मुलाच्याच आवाजात वाक्य पुरं करून टाकी. वर्गातलं रडणं पार थांबलं होतं. बाईंच्याही मनगटावर पट्टी होती. वर्ग चुळबुळला, की त्यांची पाटी कानात कुजबुजे, आता गोष्ट सांगा.

त्या सकाळी शाळा भरायच्या आधीच पाचवीतली कस्तुरी महाजन टेबलापाशी आली आणि तिनं आपली पट्टी काढून ठेवली.

"का गं? चावते की काय?"

"आ... आजीनं फोनवर विचारलं, तू बोलतेयस का तु... तुझी पाटी?"

"मग काय सांगितलंस?"

"मी सांगायच्या आत पाटीनंच माझ्या आवाजात सांगितलं. मीच आहे म्हणून."

बाईंना हसू आलं आणि लगेच ओसरलं.

"आज ह... हजर मी म्हणणार," कस्तुरी म्हणाली. "माझी मी."

बाईंना तापीकाठची आपली शाळा आठवली. पावसाळा सरला, की चौथीचा वर्ग चिंचेखाली भरे. कविता म्हणायला उभी राहिली, की लहानगी नलू भीतीनं पहिल्याच ओळीला अडे. एकदा वाघुळदे गुरुजींनी तिच्या तळहातावर चिंचोका ठेवला. "ही तुझी भीती समज. फेकायची नाही, लपवायचीही नाही. मुठीत राहू दे आणि म्हण कविता." चिंचोका घामानं भिजला, कविता दोनदा अडली, पण शेवटपर्यंत गेली. तेवढ्या वेळात गुरुजींनी पुढचा शब्द सुचवला नाही. चिंचेच्या शेंड्याकडे बघत राहिले. त्यांचं लक्षच नाही, असं तेव्हा नलूला वाटलं होतं.

या शाळेमागेही एक चिंच होती. बाई जाऊन दोन चिंचोके वेचून आल्या. एक कस्तुरीच्या हातावर ठेवला आणि गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

घंटा झाली. "आज पट्ट्या काढा नि पाट्या पालथ्या घाला," बाई म्हणाल्या.

"बॅटरी गेली का, बाई?" विहंगनं विचारलं.

"नाही रे. आज तिला सुट्टी."

नावं पुढे सरकली. विहंगसकट बरेच जण 'हजर' नुसतंच पुटपुटले. "कस्तुरी महाजन."

"ह..."

पुढचं काही येईना. कुणाचा तरी बाक करकरला. बाईंनी सवयीनं आपली पट्टी मनगटावरच ठेवली होती. कानात कुजबुज आली, मुलगी अडचणीत आहे, तुम्ही म्हणून टाका. शब्द बाईंच्या ओठांवर आलाही. छातीत धडधडत होतं आणि ती धडधड त्यांची स्वतःचीच होती. गुरुजी शेंड्याकडे का बघत होते, ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी पट्टी काढली, दुसरा चिंचोका मुठीत घट्ट धरला आणि खिडकीतून चिंचेकडे बघत उभ्या राहिल्या.

"ह... ह... हजर, बाई."

आवाज जरा घोगरा होता; पाटीतून येई तसा गुळगुळीत नव्हता.

"हिचा आवाज असा आहे?" विहंग म्हणाला. मग हात वर करून, "बाई, माझं नाव परत घ्या ना."

मधल्या सुट्टीत कस्तुरीनं मूठ उघडली. "हा प... परत देऊ?"

"भीती गेली?"

"नाही."

"मग ठेव. उद्या लागेल."

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी आपली पाटी उलटली. तिच्यावर अक्षरं उमटली होती: 'हजेरीच्या वेळी वर्ग फार अस्वस्थ होता. असं पुन्हा होऊ द्यायचं का?'

बाईंनी 'हो'वर बोट ठेवलं. पण उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. जूनमध्ये या खुर्चीत बसणारी नवी बाई याच पाट्यांवर शिकून मोठी झालेली असेल. पाटी तिलाही हाच प्रश्न विचारील. तेव्हा तिचं बोट कुठे जाईल?