निघतानाचा शब्द

ये, बस. बूट दाराशीच काढ गं, तो बर्फाचा चिखल आत नको. आणि आवाज जरा हळू, आश्लेषा, वरच्या खोलीत मार्जरी झोपलीये. काका एडिसनला इंडियन किराणा आणायला गेलेत, त्यांना यायला वेळ आहे. मला अंधार पडायच्या आत हे कुणाला तरी सांगायचंय. मावशीला वेड लागलं म्हणशील. म्हण बापडी, पण आधी सगळं ऐकून घे.

मी दर मंगळवारी इथल्या लायब्ररीत बसते ना, लोकांना त्यांचे ब्रिटिश पूर्वज शोधून द्यायला? हसू नकोस. दीडशे वर्षं राज्य करून त्यांनी आपली शिरगणती केली, आता नागपूरची रत्ना त्यांची करते. जुन्या जनगणना, चर्चमधले बाप्तिस्मे, बोटींच्या याद्या, सगळं कॉम्प्युटरवर आहे. फक्त ते गिचमिड अक्षर लागायला पाहिजे, आणि ते मला लागतं. अमेरिकन लोक रडतात गं, आपल्या खापरपणजोबाचं नाव दिसलं की. मला ते बघायला आवडतं. आपल्याला मागचं कुणी उरलं नाही की माणूस दुसऱ्यांच्या मागच्यांत रमतो.

मार्जरी तिथेच भेटली. सत्त्याऐंशी वर्षांची, पण पाठ ताठ आणि ओठांना लिपस्टिक लावल्याशिवाय बाहेर पडणार नाही. मला ‘रॅट्ना’ म्हणते, पार उंदीर करून टाकलाय माझा. दोन गल्ल्या सोडून तिच्या आजीचं घर आहे. तिथेच ती वाढली, तिथेच एकटी राहते. आता घर विकलंय तिनं. वसंतात असिस्टेड लिव्हिंगला, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करतात तिथे, जायचंय.

तिला राजाराणीपर्यंत पोचणारी वंशावळ नको होती. एकच शब्द हवा होता. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडताना एक शब्द म्हणतात. आजी म्हणायची, तो यॉर्कशायरकडचा आहे. त्याचा अर्थ काय, एवढंच मला शोधून दे, म्हणाली. तिनं तो इंग्रजी अक्षरांत लिहून दिला. मी वाचला, ‘येटीहॉ’. म्हटलं, बोलून दाखवा बरं एकदा. तर मान हलवायला लागली.

“अंहं. तो निघतानाच म्हणायचा. उगाच बसल्याबसल्या म्हटला की आजी फार रागवायची.”

मी यॉर्कशायरच्या बोलीचे कोश पालथे घातले. येटीहॉ कुठेच नाही. मग म्हटलं शब्द राहू दे, आजीचाच माग काढू. ईडिथ थॉर्नली तिचं नाव. यॉर्कशायरमध्ये जन्माची नोंदच सापडेना. शेवटी बाप्तिस्मा मिळाला, आणि कुठे मिळाला माहितीये? भुसावळला! अगं, मी लायब्ररीत मोठ्यांदा “अगं बाई!” म्हणाले, सगळे माना वळवून बघायला लागले. आपलं भुसावळ! लहानपणी नागपूरहून मामाकडे जाताना पहाटे तिथे गाडी थांबायची, आणि आई खिडकीतून केळी घ्यायची. ती गार पडलेली केळी मी अजून विसरले नाहीये.

ईडिथचा बाप तिथल्या इंजिनशेडमध्ये फोरमन होता. बायको पटकीनं गेली. पोरगी चार वर्षांची झाल्यावर हा गडी तिला घेऊन विलायतेला परत निघाला. बोटीच्या यादीत त्यांची ओळ आहे, ‘मिस्टर थॉर्नली, मूल आणि आया’. बस. आयाचं नाव नाही. त्या यादीत कुणाच्याच आयाचं नाव नाही. या बाया बोटीवर महिनाभर पोरं सांभाळायच्या, आणि लंडनचा धक्का आला की त्यांचं काम संपायचं. परतीचं तिकीट देऊ म्हणून सांगितलेलं असायचं, पण पुष्कळजणींना ते कुणी दिलंच नाही. लंडनमध्ये अशा अडकलेल्या आयांसाठी एक वेगळं घरच काढावं लागलं होतं. आमची ही आया पुढे कुठल्याच कागदावर दिसत नाही. थॉर्नली दोन वर्षांत पोरीला घेऊन इकडे न्यू जर्सीला आला.

आता तू म्हणशील, मग तरी मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला, बाई. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मी आपली इंग्रजीच वाचत बसले होते.

एवढं सगळं सांगायला म्हणून गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. डिसेंबरातला दिवस, चार वाजताच उजेड करडा व्हायला लागला होता. निम्मं सामान खोक्यांत गेलेलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, तिनं चहा केला, म्हणजे त्यांचा तो पिशवी बुडवलेला. मी भुसावळ सांगितलं, आया सांगितली. ती खुर्चीत मागे टेकली. खिडकीबाहेर बघत राहिली. मग घड्याळाकडे न बघताच म्हणाली,

“रॅट्ना, घाबरू नकोस हं. ती आता निघेल.”

“कोण?”

“श्श...”

आधी वास आला. लाकडाच्या धुराचा, आणि अर्धवट वाळलेल्या सुती लुगड्याचा. तो वास या देशात मला कुठेच आलेला नाही. माझे डोळेच भरून आले गं, भीती वाटायच्या आधी. मग मागच्या खोलीतून पावलं निघाली. अनवाणी, सावकाश. काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. आवाज माझ्या खुर्चीमागून गेला, मानेवर गार हवा लागली, आणि तो मागच्या दाराशी जाऊन थांबला. तिथे कुणी नव्हतं. दार दिसत होतं, दाराला लावलेलं कॅलेंडर दिसत होतं.

“येते हं, बाळ...”

स्पष्ट. आपल्या शेजारची बाई उंबऱ्यात उभी राहून म्हणेल ना, तस्सं.

आणि मी काय केलं असेल? किंचाळले? रामरक्षा म्हटली? छे! तोंडातून आपसूक निघून गेलं, “हो, या हं!”

कुणी येते म्हटलं की आपण दुसरं काय म्हणणार? तू सांग. आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलंय ते. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, आणि समोरच्यानं ये म्हणायचं. इथे वीस वर्षांत मला कुणी तसं येते म्हटलेलं नाही. आमचा नकुल तर “बाय मॉम” म्हणून गाडीत बसलेला असतो.

बांगड्या थांबल्या. दाराशी कुणीतरी मागे वळलं, एवढं मला कळलं. मग खिट्टी खट्‌कन वाजली आणि वास गेला.

मार्जरी माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. “तू तिला काय म्हणालीस?”

मी सांगितलं. तिचं ते येटीहॉ म्हणजे आपलं ‘येते हं’, आणि ते जाताना का म्हणतात. ऐकता ऐकता तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग जे सांगितलंन्‌ ते ऐक. तिची आजी रोज संध्याकाळी त्या दाराशी उभी राहायची. मार्जरीला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच घरी संध्याकाळी कुणीतरी असं निघतं. आजी, मग मार्जरीचा बाप, मग मार्जरी, सगळे त्या आवाजाला तोच शब्द परत म्हणायचे. त्यांना वाटायचं, तो गुडबाय आहे. म्हणजे बघ, सव्वाशे वर्षं ती आया बिचारी येते म्हणतेय आणि हे सगळे आपले उलटं तिलाच येते म्हणतायत. ये असं कुणी म्हणालंच नाही.

“उद्या येईल ना ती?” मार्जरीनं विचारलं. तिला तीच काळजी होती. आपण असिस्टेड लिव्हिंगला गेल्यावर त्या विकलेल्या घरात ही आया रोज कुणाचा निरोप घेणार?

“येईल की. न यायला काय झालं?” मी म्हणाले. मोठी शहाणीच ना मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्जरीचा फोन. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग ती रोज फोन करायला लागली, आणि आवाज रोज बारीक होत गेला. ती जेवेनाशी झाली. एकदा मला म्हणाली, “रॅट्ना, जन्मल्यापासून रोज संध्याकाळी मला कुणीतरी बाय करत होतं. आता कुणीच नाही.” तिला आहे तरी कोण गं? नवरा नाही, मूल नाही. तेवढाच एक आवाज होता तिला, आणि तो मी घालवला.

घालवला म्हणजे कुठे गेला, ते मला तोवर कळलं होतं. अगं, या म्हणणारी मी. पाहुणा बोलावणाऱ्याकडेच येणार ना? इथे या स्वयंपाकघरात संध्याकाळी धुराचा वास यायला लागला. काका शिडी लावून स्मोक अलार्मच्या बॅटऱ्या बदलतायत! मागच्या दारापाशी पायपुसणं ओलं व्हायचं. ती बोलायची मात्र नाही. त्या टेबलाशी उभी राहिल्यासारखी वाटायची, कुणी कामाला आलंय पण काम कुठलं ते सांगितलेलं नाही, तसं. आणि खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मी तिच्याशी बोलायचे. आज आमटीला कोकम टाकलंय, आज नकुलचा फोन नाही आला, असं काहीबाही. आई गेल्यापासून स्वयंपाकघरात असं कुणाशी बोलले नव्हते.

पण मार्जरी तिकडे झुरत होती. माझ्यानं बघवेना. तिला परत जा असं सांगावं म्हटलं, तर दाराशी उभ्या असलेल्या बाईला जा म्हणायला जीभच वळेना. म्हणून काल मी मार्जरीलाच गाडीत घालून इकडे आणलं. त्या खुर्चीत बसवलं, पायावर शाल घातली. काका वर मीटिंगमध्ये होते. उजेड कमी व्हायला लागला तशी मी मुद्दाम कपडे घ्यायला म्हणून बेसमेंटमध्ये गेले. म्हटलं, त्या दोघींची गाठ पडू दे, मध्ये आपण कशाला?

खाली ड्रायरपाशी उभी होते आणि वर बोलणं ऐकू आलं. शब्द लागत नव्हते. बाई मुलाची समजूत घालते ना, तसा हळू, एकसुरी आवाज. मधूनच मार्जरी हसत होती. मी तिला कधी असं हसताना ऐकलं नव्हतं. लहान पोरीसारखं, खुदुखुदु. मग एकदम शांत झालं.

मी वर आले. धुराचा वास होता. मार्जरी हात मांडीवर ठेवून बसली होती, चेहऱ्यावर रंग आला होता.

“रॅट्ना, आज ती वेगळंच म्हणाली. चल, म्हणाली. चल म्हणजे काय?”

माझ्या हातातले टॉवेल खाली पडले. मी म्हटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. तर तिनं पुन्हा म्हणून दाखवलं. अगदी स्वच्छ ‘चल’, आपल्या ‘च’नं. मग सांगावंच लागलं. “म्हणजे... माझ्याबरोबर ये.”

तिनं जरा विचार केला. “बरं झालं,” म्हणाली. “मी घर विकलेलंच आहे.”

दिवा लावला तेव्हा मला दिसलं. तिच्या डाव्या गालावर काळा ठिपका होता. तीट, आश्लेषा. बोटानं टेकवलेली काजळाची तीट. माझ्या घरात काजळाची डबी नाही, मला नागीण झाली तेव्हापासून मी डोळ्यांना काही लावत नाही. आणि तीट आपण कधी लावतो, तुझ्या आईला विचार. मूल घराबाहेर न्यायचं असलं की. मी टॉवेलचं टोक ओलं केलं नि पुसायला गेले, तर मार्जरीनं माझं मनगट धरलं.

“नको पुसू. तिला परत लावत बसावं लागेल, मग आम्हाला उशीर होईल.”

मी तिला घरी पाठवलं नाही. रात्रभर तिच्या उशाशी बसले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले वय झालंय, आणा सोमवारी. सोमवार! ती सकाळपासून झोपलीये, श्वास नीट आहे, तीट तशीच आहे. मी ओला रुमाल घेऊन किती वेळा वर गेले आणि तशीच खाली आले. पुसली आणि ती राहिली, तर कुठे राहणार? त्या अनोळखी खोलीत, जिथे संध्याकाळी कुणी निरोपही घेणार नाही? आणि नाही पुसली तर... तर मीच तिला हातानं पाठवली, असं नाही का होत? म्हणून तुला बोलावलं. मला काही ठरवता येईना. कुणाचं तरी लहान मूल होऊन जावंसं तिला वाटतंय, तर मी कोण आडवी येणार? मला कुणी म्हणालं असतं तर मी तरी थांबले असते का?

अगं, बघ, खिडकीत अंधारलंच की बोलता बोलता. दिवा लाव तो.

काय झालं? अशी का बघतेस माझ्याकडे?

माझ्या? कुठे, डाव्या गालावर? ...थांब, आश्लेषा. रुमाल ठेव तो खाली. राहू दे.