शिपायांची छत्री का कलली?

"आउट! सरळ सरळ आउट!" दीक्षा ओरडली.

"काहून आउट? टप्पा पडला होता!" रोशन बॅट सोडायला तयार नव्हता.

"टप्पा तुझ्या डोक्यात पडला, भैताडा!"

वाद आणखी रंगला असता, पण तेवढ्यात स्मारक समितीच्या अध्यक्ष कुसुमताई मैदानात आल्या. त्यांच्या हातात भलंमोठं कुलूप होतं.

"छत्रीच्या खांबाला तडा गेलाय. तुमच्या चेंडूनं! रविवारची सहल झाली की फाटकाला हे कुलूप लागणार!"

"आमचा चेंडू रबराचा आहे, ताई," वेदिका म्हणाली.

"रबराचा असो नाहीतर लोण्याचा! मैदान बंद म्हणजे बंद!"

सक्करदऱ्याच्या त्या मैदानाच्या कडेला एक दगडी छत्री होती. उंच ओटा, चार खांब आणि वर छोटा घुमट. १८१७ साली भोसल्यांची फौज इथं इंग्रजांशी लढली. त्या लढाईत पडलेल्या शिपायांची ती आठवण. पूर्वी उन्हाळ्यात सगळी वस्ती या मैदानात खाटा टाकून झोपायची आणि म्हातारी माणसं पोरांना लढाईच्या गोष्टी सांगायची. मग घरोघरी कूलर आले आणि खाटा आत गेल्या. छत्रीकडे कुणी बघेना. यंदा समितीनं रोज सकाळी 'रणभूमी दर्शन' ही सहल सुरू केली होती. निवृत्त शिक्षक रामाजीकाका तोफा कुठं होत्या, घोडेस्वार कुठून आले, ते फिरून दाखवायचे. तिकिटाचे पैसे छत्रीच्या दुरुस्तीसाठी जायचे.

"म्हणजे माझी सगळी सुट्टी पाण्यात!" रोशन पुटपुटला. तो वेदिकाचा मावसभाऊ, कळमेश्वरहून खास क्रिकेटसाठी आलेला.

"आधी तो तडा तर पाहू," दीक्षा म्हणाली.

तडा खालून वर चढत गेला होता. चेंडू लागल्याची कुठं खूणही नव्हती.

"ए, हे पाहा वं!" रोशन खाली बसला. ओट्याच्या पूर्वेला, पायऱ्यांच्या बाजूला हिरवंगार गवत उगवलं होतं. मे महिन्यात! बाकी मैदानाला तर हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"नळ फुटला असेल," वेदिका म्हणाली.

"इथं नळच नाही ना!"

रोशननं खिशातला कंचा, म्हणजे काचेची गोटी, ओट्यावर ठेवला. कंचा घरंगळत पश्चिमेकडे गेला. परत ठेवला, परत तिकडेच पळाला.

"अबे, छत्री कलून राहिली!"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिघंही कडुनिंबाखाली दबा धरून बसली. सहल छत्रीपाशी पोचली. रामाजीकाकांनी हातातला तांब्या उंचावला. "आपले जखमी शिपाई इथं पाणी पाणी करत गेले. आज आपण त्यांची तहान भागवू या!"

मग पायऱ्यांपाशी रांग लागली. प्रत्येकानं ओट्याच्या बुडाशी एक एक तांब्या पाणी ओतलं आणि हात जोडले.

रोशननं कपाळावर हात मारला. "आमच्या गोठ्याची भिंत अशीच फाटली होती! मोरीचं पाणी एकाच बाजूला मुरायचं. काळी माती पाणी प्याली का फुगते अन् वरचं सगळं उचलते!"

तिघं रामाजीकाकांकडे धावली. पण ते कुठले ऐकताहेत!

"इतिहासात मध्ये मध्ये बोलायचं नाही! शंका असेल तर सहलीत विचारावी. तिकीट काढलेल्याच्या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देतो!"

वेदिकाचे डोळे चमकले. "ऐकलं ना? तिकीट काढायचं!"

त्या दुपारी तिच्या अंगणात एका घमेल्यात काळी माती ठोकून भरली गेली. वर एक वीट ठेवली आणि विटेच्या एकाच कडेला सारखं पाणी घातलं.

रविवारी सहलीला भरपूर गर्दी होती. छत्रीपाशी येताच रामाजीकाकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही प्रश्न?"

वेदिकानं हात वर केला. "काका, शिपायांना पाणी देता देता त्यांची छत्रीच पडली, तर चालेल का?"

लोक हसले. कुसुमताई कडाडल्या, "वेदिका! चल, बाजूला हो!"

"तिकीट आहे, ताई!" तीन हात वर झाले. तिन्ही हातांत तिकिटं!

रामाजीकाका आपल्याच शब्दात अडकले. "बरं... बोल."

रोशननं घमेलं पुढं आणलं. वीट चांगलीच तिरपी झाली होती. दीक्षानं तिच्यावर कंचा ठेवला, तो टुणकन खाली पडला. मग तिनं तोच कंचा छत्रीच्या ओट्यावर ठेवला. तोही निघाला पश्चिमेकडे! हसणारे लोक वाकून बघू लागले.

गर्दीतल्या एक बाई पुढं झाल्या. "मी इमारती बांधते," असं म्हणत त्यांनी खांब, तडा, गवत, सगळं निरखलं. "पोरं बरोबर बोलताहेत. पाणी आजच थांबवा. मग पायाभोवतीची माती काढून मुरूम भरा. छत्री वाचेल. आणखी एक पावसाळा मात्र असा काढला नसता तिनं."

रामाजीकाकांनी हातातला तांब्या हळूच खाली ठेवला. "इंग्रजांच्या तोफांना जमलं नाही, ते मी तांब्यानं करत होतो!"

कुसुमताईंनी कुलूप पर्समध्ये टाकलं. "मी उगाच तुमच्यावर आळ घेतला, पोरांनो. शाब्बास! मैदान तुमचंच."

"पण आता या पाण्याचं काय करायचं?" रांगेतल्या एकानं विचारलं.

"ज्याले तहान लागली त्याले द्या ना!" दीक्षा म्हणाली. "रस्त्यावर काय कमी आहेत?"

पुढच्या रविवारी सहल फाटकाबाहेर येऊन थांबली. तिथं कडुनिंबाच्या सावलीत तीन नवे रांजण मांडले होते. प्रत्येकानं आपला तांब्या त्यांत रिकामा केला. लकडगंजकडून लाकडं घेऊन आलेला एक हातगाडीवाला थांबला, घटाघट दोन पेले प्याला आणि तोंड पुसत म्हणाला, "गार आहे बाप्पा! कोणाच्या नावानं लावली पाणपोई?"

"शिपायांच्या," रामाजीकाका म्हणाले. "अन् सुचली कोणाले, ते त्या पोरांले विचारा."

पण पोरांना वेळ कुठं होता! मैदानात रोशन पुन्हा बॅट सोडायला तयार नव्हता, आणि पंचाच्या जागी उभ्या असलेल्या कुसुमताई बोट वर करून ओरडत होत्या, "आउट म्हणजे आउट!"