तव्यातला माणूस

महागावात तीस वर्षं लग्नाच्या मांडवात भोंगे लावलेल्या विठ्ठलरावांचं जुन्या रेकॉर्डींबद्दल, म्हणजे त्यांच्या भाषेत तव्यांबद्दल, एकच म्हणणं होतं. "मोबाइलात गाण्याचा नुसता फोटो असते. तव्यात माणूस सोता येऊन बसते."

"बसला असन तं त्याले खोकल्याचं औषध पाजा," पोरगा ओम म्हणायचा. तो डीजेवाला. "किती खरखर करते तो!"

शेवटी पैज लागली. यवतमाळचा एक हॉटेलवाला दुपारी ग्रामोफोन पाहायला येणार होता. कर्ण्यात प्लास्टिकची फुलं खोचून काउंटरवर ठेवायचा त्याचा बेत. पैज अशी: विठ्ठलरावांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, भिंतीकडे तोंड करून एकच गाणं दोन्हीकडून ऐकायचं. मोबाइल जिंकला तर ग्रामोफोन विकायचा. तवा जिंकला तर विषय बंद.

ऐन वेळी सुई मोडली. विठ्ठलराव डगमगले नाहीत. मांडवात सुया संपल्या की बाभळीचा काटा लावून त्यांनी कितीक नवऱ्या सासरी धाडल्या होत्या. कुंपणावरचा काटा तोडून ते तासायला बसले, तो कचकन बोटात घुसला. रक्तासकट तसाच बसवला.

आधी मोबाइल वाजला. पुष्पाबाई तुरीच्या शेंगा सोलत म्हणाल्या, "चांगलं हाय. धुतल्यावानी."

मग तवा फिरला. खरखर अजिबात नाही! विठ्ठलरावांची छाती फुगली. तेवढ्यात सनईच्या मागे कोणीतरी खोकललं.

"घ्या, औषध आणू काय?" ओम हसला.

विठ्ठलरावांना खोकला आला होता खरा. छाती हलली होती. पण घशातून आवाज निघालाच नव्हता.

"सांग व, कोन जिंकलं?" त्यांनी बायकोला विचारलं. शब्द कर्ण्यातून आले.

"तवाच," पुष्पाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "अगदी तुमीच बोलून राह्यले असं वाटते."

विठ्ठलरावांनी गळा धरला.

"ओम, थांबव ते!" कर्णा ओरडला.

ओमचं हसू जिरलं. बापाचे ओठ हलत होते आणि आवाज दोन हात लांबून येत होता. त्यानं झडप घालून काटा उचलला. तो बोटात रुतला, हात सुटला, काटा परत तव्यावर.

ओमनं हाक मारायला तोंड उघडलं.

"बाबा!" कर्णा म्हणाला.

आता पुष्पाबाई वळल्या. दोघं समोरासमोर उभे. मासोळ्यांसारखी तोंडं उघडत, मिटत होती.

शेंगा सांडल्या. त्यांनी धावत जाऊन काटा उपटला, खिडकीबाहेर फेकला.

तवा हळूहळू थांबला.

त्यांच्या अंगठ्यावर रक्ताचा ठिपका होता.

फाटकाची कडी वाजली. "कोनी हाय काय घरात?" हॉटेलवाल्याचा आवाज.

पुष्पाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

तवा थांबलेला. काटा अंगणात.

"या ना भाऊ," कर्ण्यातून पुष्पाबाईंचा गोड आवाज गेला. "इकाचा नाही आता आमाले. पन बसा, ऐकून तं जा."

चपला काढल्याचा आवाज आला.