जॅकेटवरचा पुसलेला चेहरा

बबन पेंटरने काळं लेदर जॅकेट उर्मिलाताईंच्या टेबलावर पसरलं. पाठीवर लाटा, केस, शर्टाची कॉलर, सगळं जागच्या जागी. चेहरा तेवढा गायब.

"माझं गिऱ्हाईक साहिल हे परत फेकून गेला नि गावभर सांगत सुटलाय, बबनचा रंग कच्चा. जेसल पार्कच्या तीन पोरांनी ऑर्डरी रद्द केल्या, ताई. एअरब्रशच्या चित्रांवर घर चालतंय माझं."

उर्मिलाताईंची बारा वर्षं खासगी तपासात गेलेली. त्यांनी आधी भिंग काढलं. त्यांचा साहाय्यक निहार नेहमीसारखा उतावळा. "कुणा जळकुट्या पेंटरने थिनर ओतलं!"

"मग चामड्याची चकाकी उडाली असती," ताई म्हणाल्या. "बबन, शेवटचा हात मारला होतास?"

"क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, राहिलाय. पाण्यात कालवलेला रंग, क्लिअर मारेपर्यंत ओलं फडकंही चालत नाही. दोन दिवस थांब म्हटलं, पण साहिल सर्वपित्रीच्या पहाटेच घेऊन गेला."

निहारने वाकून पाहिलं. पुसल्याचे फराटे भुवयांच्या मधून निघून गालांवर पसरले होते. तिथेच सुरकुतीत केशरी कण अडकला होता. "रंगच असेल," तो म्हणाला.

"ही भुकटी आहे, माझा रंग नव्हे," बबन म्हणाला. ताईंनी कण हुंगला आणि त्या दोघांना घेऊन निघाल्या.

मोरव्याला साहिलच्या खोलीत आजोबांच्या तसबिरीला हार होता, कपाळी ताजं गंध होतं. फळीवर त्याच्या थोरल्या भावाचा, राघोचा फोटो होता, बिनहाराचा. राघो बोटीवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी वादळात बोट गेली, ती परतलीच नाही. खुंटीवर त्याचा शर्ट होता, ताजी इस्त्री केलेला.

"दादाचंच जॅकेट, चेहराही त्याचाच काढून घेतलेला. मी खुंटीला लावून कामावर गेलो," साहिल तणतणला. "संध्याकाळी बघतो तर हे! रंगच बोगस."

"पूजा आटपली, जॅकेटाला हात जोडले नि कामावर गेलो," वडील धर्माजी म्हणाले. "तवा चेहरा चांगला व्हता." त्यांची अनामिका केशरी झालेली निहारने पाहिली, पण त्याला बोध होईना.

"मी सयपाकात व्हते," आई सुगंधाबाई शर्ट झटकत म्हणाली. "मला काय ठावं?"

उर्मिलाताई खाली बसल्या.

"बबनचा रंग कच्चा नव्हता. कच्चा रंग सगळीकडेच जातो, एकट्या चेहऱ्याचा नाही. कपाळावरचा कण अष्टगंधाचा आहे. धर्माजी, पितरांचा दिवस म्हणून तुम्ही आजोबांबरोबर जॅकेटावरच्या राघोलाही गंध लावलंत."

धर्माजींनी मान खाली घातली. "दोन वर्सं झाली, ताई. किती वाट बघायची?"

"लावणारा पुसत नाही. पुसलं ते तुम्ही गेल्यावर, आणि घरात एकच माणूस होतं. फोटोला हार घालू न देणारं, शर्टाला इस्त्री करून ठेवणारं."

सुगंधाबाईचा बांध फुटला. "जित्या पोराच्या चित्राला पितरांचं गंध लावत्यात व्हय? वल्या पदरानं टिकला पुसाया गेले, तर त्याचं अख्खं तोंडच माझ्या पदराला आलं! माझ्या हातानं गेलं ओ! कसं सांगू?"



साहिलने बबनचे हात धरले. "चुकलो, बबनभाऊ. ज्याला ज्याला बोललो, त्याच्या दारात जाऊन सांगतो."

"ते कर. पण आधी फोटो दे. आजच परत रंगवायला बसतो," बबन म्हणाला.

सुगंधाबाईने फळीवरचा फोटो उतरवून त्याच्या हातात ठेवला.

"हसरा काढ," ती म्हणाली. "आन् या बारीला पान्यानं जानार न्हाय असा काढ."