समैस्माच्या घरातली जोडी

आईच्या मंगळसूत्राची कडी तुटली होती, एवढंच निमित्त. २०१९चा जुलै होता. फॉर्त्सहाइम या जर्मन गावात पाच वर्षं दागिन्यांचं शिक्षण घेऊन मी नुकतीच दोह्याला, मुऐदर भागातल्या आमच्या घरी परतले होते. जुने जर्मन इमिटेशन दागिने ओळखायचे आणि त्यांचं वय सांगायचं, हा माझा विषय. बाबा पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ही आमची चैत्राली. सोन्याच्या बाजारात पितळेची डॉक्टर!" सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. वर्ल्ड कपसाठी सगळं शहर नवंकोरं होत होतं, आणि अशा वेळी जुन्या, स्वस्त वस्तूंची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळच्या सोनारांच्या गल्लीत बाजीरावकाका दुरुस्तीचं काम करायचे. मूळचे विट्याकडचे. तीन पिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या. त्या दिवशी ते स्टुलावर हात मांडीत घेऊन नुसतेच बसले होते.

"काका, एवढी कडी जोडून द्या ना."

"दुसरीकडं बघ, ताई. मालकानं हत्यारं काढून घेतल्यात माझी."

नफिसा नावाच्या इथल्याच एक बाई आपल्या आईचा ब्रोच घेऊन आल्या होत्या. पिन तुटली होती, काकांनी ती झाळून दिली. काल बाईंनी तो दुसरीकडे तपासून घेतला, तर पितळ निघालं. काकांनी खरं सोनं गाळून घेतलं आणि पितळेची नक्कल हातात दिली, असं त्यांचं म्हणणं.

"घेताना कस लावून बघितला नाहीत?"

"आईची आठवण हाय म्हणाल्या. आठवण दगडावर घासू व्हय?" काकांनी मान हलवली. "त्या बोलल्या तसं पावतीवर लिवलं, सोन्याचा ब्रोच. तिथंच अडकलो."

"आता?"

"उद्या सकाळी पोलिसात देणार. तुरुंगाचं काय, सोसीन मी. पण गलाईवाल्यानं सोनं खाल्लं असं एकदा झालं, की विट्यात माझ्या पोरांना कुणी दारात उभं करायचं न्हाई."

इतक्यात मालक मजीदशेठ आणि नफिसा मॅडम आतून बाहेर आले. मॅडम पंचावन्नच्या असतील. काळा अबाया, ताठ मान. मी माझं नाव सांगितलं, काय शिकले ते सांगितलं आणि ब्रोच बघायला मागितला. त्यांनी काहीशा तुच्छतेनेच तो काउंटरवर ठेवला.

भिंगाखाली तीन पानांची वेल दिसली. मागच्या बाजूला काठालगत बारीक अक्षरं होती. वेस्टर्न जर्मनी.

"मॅडम, हे शब्द जर्मनीच्या १९४९च्या फाळणीनंतरच उमटायला लागले. घडण बघता हा पन्नासच्या दशकातला आहे. मूळचाच पितळेचा, वर सोन्याचं पाणी."

"अक्षरं कुणीही कोरू शकतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

ते बरोबर होतं. मी पुन्हा भिंग लावलं. मधल्या पानाच्या देठावर एक गाठ होती, मोहरीपेक्षाही लहान.

"ही गाठ बघा. पानं हातानं घडवलेली नाहीत, पोलादी ठशाखाली दाबलेली आहेत. त्या ठशालाच खोट होती, ती इथे उतरलीय. त्याच ठशातली पानं कारखाने कानातल्यांनाही लावायचे. याची जोडी सापडली आणि तिच्यावर हीच गाठ असली, तर या माणसानं काहीही बदललेलं नाही."

मॅडमनी ब्रोच पुन्हा उचलून घेतला. "कानातली होती. आई गेल्यापासून कुणालाच दिसली नाहीत. घर समैस्माला आहे. तीन वर्षं बंद."

"आत्ता जाऊ या."

"दुपारी...?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग पर्स उचलली. "ठीक आहे. मी गाडीतच बसेन."

उत्तरेकडच्या रस्त्यावर लुसैलच्या स्टेडियमच्या क्रेन दिसल्या, सगळ्या थिजलेल्या. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर काम करायला बंदी असते. मैलोन् मैल एक माणूस नाही. समैस्माला पोचलो तेव्हा समुद्र ताटात ओतल्यासारखा पांढरा आणि सपाट पडला होता, किनाऱ्यावर लाटेचाही आवाज नव्हता. ऊन इतकं डोक्यावर, की भिंतींना सावलीसुद्धा उरलेली नव्हती.

"तुम्ही खरंच आत येणार नाही?"

"दुपारी आई झोपायची. आम्ही मुलं आवाज करायचो नाही." मॅडमनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "अजूनही करत नाही."

दार उघडलं आणि आतली उष्णता अंगावर आली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेरच्या लखलखाटातून आल्यावर काही क्षण मला काहीच दिसेना. धूळ, जुना ऊद आणि खारट दमट लाकूड यांचा वास. मोबाइलच्या उजेडात मी झोपायची खोली शोधली. कपाट रिकामं होतं. दागिन्यांची पेटी होती, पण तिच्या मखमलीवर दोन लहान खळगे तेवढे उरले होते. कानातल्यांच्या जागा.

मी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली उजेड टाकला. काही नाही. उठता उठता वास आला.

दुधाचा. तापत तापत बुडाला लागायला आलेल्या दुधाचा.

मग आवाज. टक... टक... भांड्याच्या काठाला काहीतरी कठीण लागत असल्यासारखा. बंद घरात, घराच्या आतल्या अंगाला.

खरं सांगते, भीतीबरोबरच डोक्यात एक दिवाही लागला. गॅलॅलिथ! दुधातल्या केसीनपासून करायचे ते जुनं प्लास्टिक. दागिना गॅलॅलिथचा आहे का, हे ओळखायची सोपी रीत म्हणजे तो गरम पाण्यात धरायचा. खरा असेल तर दुधाचा वास सोडतो. मी भिंतीला हात लावत त्या वासामागे निघाले.

स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर नव्हतं. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, वाळून कडक झालेलं. आणि ओट्यावर एक वाडगा. त्यातल्या पाण्यातून वाफ निघत होती, पाण्यात काळ्या-लाल मण्यांची माळ होती, आणि मणी अजून हलत होते. कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखे.

वर्गात मी शंभरदा केलेली परीक्षा इथे कुणीतरी माझ्यासाठी मांडून ठेवली होती.

वाडग्याशेजारी पांढऱ्या कापडाची घडी होती. मी ती उघडली. आत दोन कानातली. प्रत्येकाला एकच पान. भिंग डोळ्याला लावलं, वाफेनं धुरकट झालं, ओढणीला पुसलं, पुन्हा लावलं. देठावर गाठ. मोहरीपेक्षाही लहान.

"सापडलं!" मी मराठीतच ओरडले.

मागे कापड सळसळलं. मानेवर ऊन श्वास आला. आणि कानाशी, अगदी हळू, रेंगाळणाऱ्या पोराला दाराबाहेर पिटाळावं तसा एक म्हातारा आवाज...

"यल्ला..."

मी वळून पाहिलं नाही. पळालेही नाही, पळालं की हातातलं पडतं. कापड छातीशी घट्ट धरून एकेक पाऊल टाकत बोळातून चालत गेले. माझ्या प्रत्येक पावलामागे आणखी एक पाऊल पडत होतं, अनवाणी, थोडं ओढलेलं. उंबऱ्यापाशी ते थांबलं.

गाडीत मॅडमनी स्वतः भिंग लावलं. आधी ब्रोच, मग एक कानातलं, मग दुसरं. पुन्हा ब्रोच.

"तीच गाठ," त्या म्हणाल्या. मग एका कानातल्याची पाठ माझ्यापुढे धरली. "आणि हे काय?"

सुरीच्या टोकानं काढलेला ओरखडा होता. सोन्याचं पाणी खरवडून खालपर्यंत गेलेला.

"कुणीतरी आतला धातू पारखून बघितलाय. उघडं पडलेलं पितळ पार काळं झालंय, म्हणजे तीस-चाळीस वर्षं तरी झाली असतील."

मॅडम समुद्राकडे बघत राहिल्या. "वडिलांनी तिला सांगितलं होतं, सोनं आहे. आम्हालाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. आणि तरी प्रत्येक ईदला हेच घालायची... त्यांच्यासमोर." मग हलकेच विचारलं, "आत कुणी होतं?"

"हो."

"काही बोलली?"

"यल्ला म्हणाली."

त्या हसल्या. डोळे पुसत पुसत हसल्या. "तीच. कुणालाही दोन मिनिटं स्वस्थ उभं राहू द्यायची नाही."

दुकानात आम्ही शिरलो तेव्हा मी जवळजवळ धावतच होते. मॅडमनी शेजारच्या दुकानदारांनाही आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर हिंदीत म्हणाल्या, "गलती मेरी थी, बाजीरावभाई. आपने कुछ नहीं लिया. मुझे माफ कीजिए."

काका उठून उभे राहिले. ते पहिल्यांदाच उभे राहिले, आणि माणूस किती उंच आहे ते दिसलं. मजीदशेठ लगबगीनं हत्यारांची पेटी घेऊन आले.

"अशी न्हाई, शेठ," काका माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले. "ताई, ह्यांना सांग, पुसून द्या म्हणावं. त्यांच्याच हातानं धूळ बसलीय."

मी सांगितलं. शेठनी चिमटे, कानस, कसाचा दगड, एकेक पुसून काउंटरवर मांडलं. गल्लीतली माणसं टाळ्या वाजवत होती. कुणीतरी करक, इथला कडक दुधाळ चहा, मागवला. मॅडमनी त्या दागिन्यांच्या पारखीची चिठ्ठी लिहून मागितली, आणि शिकून आल्यावरची माझी ही पहिली चिठ्ठी मी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचली: वेस्टर्न जर्मनी, १९५० ते १९६०, पितळ, वर सोन्याचं पाणी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, अस्सल. पाच वर्षांत इतका आनंद मला कुठल्याच निकालानं दिला नव्हता.

मॅडमना कानातल्यांचे चाप घट्ट करून हवे होते. काकांनी जोडी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"ताई... ह्यातलं एक गरम हाय."

"उन्हातून आणलंय ना, काका."

"पितळ एवढा वेळ तापून राहत न्हाई. अन् दुसरं कसं गार मग?"

मी दोन्ही उचलली. एक एसीनं गारठलेलं. दुसरं ऊन होतं, कानाच्या पाळीवरून आत्ता उतरवल्यासारखं. आम्ही ते गरम कानातलं काचेवर ठेवलं, एसीच्या झोताखाली. चहा संपला. ते तसंच होतं.

नफिसा मॅडमनी ते उचलून गालाला लावलं आणि डोळे मिटले.

"युम्मा...?" त्यांनी हाक मारली. आई, म्हणून.

गल्लीतला गलबला चालूच होता. मॅडमनी डोळे उघडले, हातातल्या कानातल्याकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "गार झालं."

आणि माझ्या तळहातावरचं दुसरं, इतका वेळ बर्फासारखं असलेलं, हळूहळू तापू लागलं.