संग्रहालयाच्या फरशीखालून

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे आणि त्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी उभी होते.

साल १९८६. दिवाळी नुकतीच सरली होती. लोधीखेड्याजवळची मँगनीजची खाण कधीच बंद पडली होती. गावकऱ्यांनी तिच्या जुन्या हजेरीघरात छोटं संग्रहालय मांडलं होतं. घमेली, दगड फोडायच्या लोखंडी सब्बली, कंदील, मजुरांचे फोटो.

वच्छलामावशीचा नवरा कवडू याच खाणीत कामाला होता. खाण चालू असताना एक दिवस तो घरी परतलाच नाही.

मुकादम रघुनाथराव सांगायला आले होते, "बाई, तो दुसऱ्या बाईसंगं पळाला. त्याची वाट नोको पाहू."

रघुनाथराव मावशीचे मानलेले भाऊ. दर राखीला ती त्यांना ओवाळायची. तिनं विश्वास ठेवला. नवऱ्याचा एकुलता एक फोटो चुलीत घातला.

१९८६च्या त्या संध्याकाळी रघुनाथरावच आम्हाला संग्रहालय दाखवत होते. दिवेलागण झाली होती. बाकीची माणसं निघून गेली होती.

तेवढ्यात...

ठक.

फरशीखालून.

ठक... ठक...

मावशीनं माझा हात घट्ट धरला. "पोरी, तुले आयकू येऊन राहिलं का?"

येत होतं. दगडावर सब्बल मारल्यासारखं.

मग ते थांबलं. बाहेरचे रातकिडेही थांबले.

आणि खालून एक दबलेला आवाज...

"वच्छले... मी कोठीच नाई गेलो वं."

मी रघुनाथरावांकडे पाहिलं. ते भिंतीला चिकटले होते. घामानं चिंब.

"चूप राह्य, कवडू!" ते ओरडले. "कोनी येत नाई आता!"

कवडूचं नाव आम्ही घेतलंच नव्हतं.

मावशी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ... तुमी त्याईले जित्तं गाडलं?"

"दरड पडली होती. मालक म्हने, भुयार बुजवून टाका..."

"आतून आवाज येत होता?" मावशीनं विचारलं.

त्यांनी मान खाली घातली.

मावशी फरशीवर बसली. दगडाला गाल लावून म्हणाली, "अवो, मी तुमाले लय शिव्या देल्या..."



दुसऱ्या दिवशी लोकांनी फरशी उखडली. खाली अखंड काळा खडक. बुजवलेलं भुयार तर टेकडीच्या पलीकडं होतं.

मावशीनं पुन्हा कोणालाच राखी बांधली नाही.

मी आणि मावशीनं एकाच माणसाचा आवाज ऐकला होता. रघुनाथराव मात्र मरेपर्यंत कानांवर हात ठेवून एकच म्हणायचे...

"सगळेच बोलून राहिले."

आत किती जण होते, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.